पिढी, पेढी आणि जमाखर्च

‘स्टॉक’ हा शब्द व्यापारी घरात लहान मुलालाही ठाऊक असतो. दुकानात विक्रीसाठी भरलेला माल, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील ‘स्टॉक कार’ शर्यतीच्या नावातही हाच अर्थ आहे. प्रारंभी या शर्यतीसाठी मोटार खास घडविली जात नसे. विक्रेत्याकडे जशी मिळे, तशीच ती ट्रॅकवर उतरवावी लागे. पुढे वेग वाढला, नियम बदलले, शर्यतीच्या मोटारी निराळ्या बनू लागल्या. नाव मात्र तेच राहिले. या क्षेत्रात उत्तर कॅरोलिना राज्यातील लेव्हल क्रॉस या खेड्यातील पेटी घराण्याच्या चार पिढ्या उतरल्या. त्यांचा इतिहास वाचताना शर्यतीपेक्षा एखाद्या जुन्या पेढीचीच आठवण अधिक होते.

घराण्याचे मूळ पुरुष ली पेटी. १९४९ च्या जून महिन्यात शार्लट येथे नॅसकार संस्थेची अशा मोटारींची पहिली शर्यत झाली, तेव्हा त्यांचे वय ३५ वर्षांचे होते. त्यांनी जड ब्यूक मोटार आणली आणि ती शर्यतीतच उलटली. पहिल्याच सौद्यात खोट आली. पण तिच्यातून त्यांनी धडा घेतला. पुढे त्यांनी हलकी प्लायमाउथ निवडली आणि त्याच वर्षी विजय मिळविला. त्यानंतर तीन अजिंक्यपदे व ५४ विजय त्यांच्या नावावर जमा झाले. १९५९ ची पहिली ‘डेटोना ५००’ शर्यतही त्यांचीच. मात्र तो निकाल लागण्यास तीन दिवस लागले. प्रथम दुसऱ्याच चालकाला विजयी घोषित केले होते. छायाचित्रे व चित्रफिती तपासल्यावर तो निर्णय फिरला.

त्याच वर्षी जून महिन्यात अटलांटा येथील लेकवुडच्या ट्रॅकवर ली यांचे पुत्र रिचर्ड यांना विजयी घोषित करण्यात आले. मुलाचा हा पहिलाच विजय. परंतु फेऱ्यांची मोजणी चुकली आहे, अशी तक्रार त्याच शर्यतीत धावलेल्या एका चालकाने केली, आणि तो चालक म्हणजे स्वतः ली पेटी! फेरमोजणी झाली, तक्रार खरी ठरली आणि विजय पित्याच्या नावे लिहिला गेला. मुलाला पहिल्या विजयासाठी १९६० च्या फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले. काहींना ही कठोरता वाटेल. परंतु ज्या घरात बापलेकांचीही खाती वेगळी व चोख ठेवली जातात, त्या घराला यातील मर्म सांगावे लागत नाही. माया घरात असावी, वहीत नसावी.

वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत ली यांनी रिचर्ड यांना शर्यतीत उतरू दिले नव्हते. १९५८ मध्ये सुरू झालेली त्यांची कारकीर्द १९९२ पर्यंत चालली. २०० विजय, सात अजिंक्यपदे आणि सात वेळा डेटोना ५०० ही तिची जमेची बाजू. एकट्या १९६७ मध्ये त्यांनी २७ शर्यती जिंकल्या. त्यांपैकी दहा सलग होत्या. धाकटे बंधू मॉरिस इंजिने बांधत आणि चुलतभाऊ डेल इनमन मोटारीची व चमूची व्यवस्था पाहत. विजयाचा फोटो एकाचा निघे. घाम मात्र साऱ्या घराचा असे.

१९७२ मध्ये एसटीपी या कंपनीशी करार ठरताना कंपनीला मोटार संपूर्ण लाल हवी होती. रिचर्ड घराण्याचा निळा रंग सोडीनात. अखेर निळा व लाल दोन्ही रंग ठेवून सौदा तुटेपर्यंत न ताणता तडजोड झाली. एका बाबतीत मात्र तडजोड नव्हती. मोटारीवर मद्याची जाहिरात लावणार नाही, असा शब्द रिचर्ड यांनी आई एलिझाबेथ यांना दिला होता. बिअर कंपनीच्या पारितोषिकासाठी तिचे चिन्ह मोटारीवर लावावे लागे. ते त्यांनी लावले नाही. शर्यतींची ही मालिकाच १९७१ पासून एका सिगारेट कंपनीच्या नावाने भरत होती, हेही खरे. म्हणजे व्रत मर्यादित होते. पण जेवढे घेतले तेवढे पाळले.

जमाखर्चात नावेची बाजूही असते. १९८३ मध्ये शार्लट येथील विजयानंतर त्यांच्या मोटारीचे इंजिन नियमापेक्षा मोठे आढळले; टायरही नियमबाह्य होते. विजय कायम राहिला, परंतु ३५,००० डॉलरचा दंड झाला व १०४ गुण वजा झाले. अनेक वर्षांच्या सचोटीच्या खात्यावर तो डाग आजही लिहिलेला आहे. त्यानंतर दुसऱ्या मालकाच्या मोटारीतून धावत त्यांनी ४ जुलै १९८४ रोजी डेटोना येथे दोनशेवा विजय मिळविला. तो अखेरचा ठरला. पुढची आठ वर्षे ते धावत राहिले, परंतु एकही शर्यत जिंकली नाही. प्रेक्षकांचे प्रेम तिळमात्र घटले नाही, हे खरे. पण गादी कधी सोडावी, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटत नाही, हेही तितकेच खरे.

रिचर्ड यांचे पुत्र काइल यांना आठ विजय मिळाले. पित्याच्या २०० विजयांशी तुलना त्यांच्या वाट्याला जन्मभर आली. काइल यांचा मुलगा ॲडम ही चौथी पिढी. २ एप्रिल २००० रोजी टेक्सास येथे तो सर्वोच्च मालिकेत प्रथम धावला. तीनच दिवसांनी पणजोबा ली निवर्तले. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायर येथे सरावाच्या वेळी ॲडमची मोटार भिंतीवर आदळली आणि अवघ्या १९ व्या वर्षी तोही गेला.

वारस गेल्यावर वारशाचे काय होते? काइल यांनी मुलाचा ४५ हा क्रमांक स्वतःच्या मोटारीवर घेतला. पण खरे उत्तर ट्रॅकबाहेर होते. गंभीर आजारी मुलांसाठी एक शिबिर उभारावे, हा ॲडमचा व आईवडिलांचा विचार होता. रिचर्ड व त्यांच्या पत्नी लिंडा यांनी जमीन दिली आणि २००४ मध्ये रँडलमन येथे ‘व्हिक्टरी जंक्शन’ सुरू झाले. तेथे येणाऱ्या मुलांच्या कुटुंबांकडून पैसा घेतला जात नाही.

घराण्याची मूळ पेढी, ‘पेटी एंटरप्रायझेस’, २००९ च्या आरंभी दुसऱ्या संघात विलीन झाली. १९४९ पासूनचे ते खाते मिटले. शिबिर मात्र आजही चालू आहे. पेढी पुढच्या पिढीने चालवावी, ही प्रत्येक घराची स्वाभाविक इच्छा असते. ती पूर्ण होणे कुणाच्याही हाती नसते. वहीतील चोख नोंद, आईला दिलेला शब्द आणि दुःखातून परक्या लेकरांसाठी उघडलेले दार यांना मात्र वारसाची वाट पाहावी लागत नाही. ते ज्याने उचलले, त्याचे झाले.