एक पत्र आणि आपली मेट्रो

सुलतान बाजार स्टेशनावर मेट्रोत चढताना तुमच्यातल्या कुणाला ई. श्रीधरन हे नाव आठवतं का? हैदराबादची मेट्रो काही त्यांनी बांधली नाही. पण तिच्या गोष्टीत त्यांचं एक पत्र आहे. आज त्या पत्राविषयी.

श्रीधरन केरळचे, जन्म १९३२चा. रेल्वेत इंजिनिअर. १९६४च्या वादळात रामेश्वरजवळचा पांबन पूल मोडला, तो त्यांनी ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. १९९०मध्ये निवृत्त झाले आणि लगेच कोकण रेल्वे महामंडळाचे प्रमुख झाले. त्याआधी कोकणात जायचं म्हणजे काय होतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा! पुढे १९९७ ते २०११ दिल्ली मेट्रो. तिचा पहिला टप्पा मुदतीच्या जवळजवळ तीन वर्षं आधी पुरा झाला.

हजारो कोटींच्या कामात हात स्वच्छ ठेवायची त्यांची रीत अगदी साधी होती. निर्णय लवकर घ्यायचा, नेमणुकांत पुढाऱ्यांची चिठ्ठी चालू द्यायची नाही, ठेकेदाराचं बिल रखडवायचं नाही. कारण बिल जिथे अडतं तिथेच पाकीट सरकतं.

आता आपल्या शहराकडे येऊ. हैदराबाद मेट्रोचा आराखडा दिल्ली मेट्रोनेच करून दिला होता. २००८मध्ये निविदा उघडल्या, तेव्हा सगळे थक्क झाले. एरवी असल्या कामात सरकारलाच पदरचे पैसे घालावे लागतात. इथे मेटास कंपनीच्या गटाने उलट सरकारलाच ३०,३११ कोटी रुपये देऊ केले. शहर खूश!

श्रीधरन मात्र खूश नव्हते. तिकिटांतून एवढा पैसा निघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठेक्याबरोबर मोक्याची २९६ एकर सरकारी जमीनही जाणार होती. सप्टेंबर २००८मध्ये त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांना लिहिलं, की हे घरातली चांदी विकण्यासारखं आहे, यातून पुढे मोठं राजकीय प्रकरण उभं राहू शकतं. राज्य सरकार भडकलं. माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावू, असा इशारा आला. आराखड्याचं काम संपलं होतं, ते गप्प बसले असते तर कुणी बोल लावला नसता. वय ७६.

चार महिन्यांनी, ७ जानेवारी २००९ला, सत्यमच्या रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. मेटास त्यांच्याच घरची कंपनी; सत्यमची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, मेटास होतं. मेटासला मेट्रोसाठी पैसा उभा करता आला नाही आणि जुलै २००९मध्ये ठेका रद्द झाला. पुढे काम लार्सन अँड टुब्रोकडे गेलं, त्यात सरकारने पैसे घातले. पहिली गाडी नोव्हेंबर २०१७मध्ये धावली.

पत्रामुळे ठेका रद्द झाला, असं मी म्हणणार नाही. पण सगळे टाळ्या वाजवत असताना एका माणसाने हिशेब मांडून पाहिला आणि शंका सहीनिशी कागदावर उतरवली, एवढं खरं.

तुमच्यातले काहीजण आता सरकारी बँकांत, कंपन्यांत लागले आहेत. एखादा आकडा फारच गोड वाटला, तर तो कुठून येतो ते विचारा. उत्तर पटलं नाही, तर तसं लिहून ठेवा. तोंडी नको, लेखी.