आधी पाणी, मग मासा

वाढदिवसाची भेट म्हणून एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी काचेचे गोल भांडे आले. त्यात दोन सोनेरी मासे होते. पाचव्या दिवशी एक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. आठव्या दिवशी दोन्ही मासे निष्प्राण तरंगताना आढळले. नातीने विचारले, "आजोबा, आपण त्यांना रोज खायला घालत होतो, मग ते मेले कसे?" सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या आजोबांजवळ उत्तर नव्हते. मारण्याची इच्छा कोणाचीच नव्हती; तरी घडली ती हिंसाच, आणि तिचे मूळ प्रमादात होते.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर व्यापारी घराला सहज उमगेल असे आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. ओढ्यातील वाळूवर व दगडांवर वसलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये माशाला घातक असतात. तिसरे सौम्य असून वनस्पती ते खत म्हणून घेतात. नव्या भांड्यात हे जीवाणू नसतात. विष रोज जमा होत राहते, खर्ची काहीच पडत नाही, आणि त्या थकबाकीखाली मासा गुदमरतो.

म्हणून आधी पाणी सिद्ध करावे. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशा टाकीत काठोकाठ 54 लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन 54 किलो होते. तेव्हा टेबल भक्कम असावे व थेट ऊन टाळावे. तळाशी धुतलेली बारीक वाळू पसरावी, साधा स्पंजचा फिल्टर लावावा आणि नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवून मग भरावे. त्यात चिमूटभर शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, टाकले की जीवाणूंना खाद्य मिळते आणि त्यासाठी एकाही माशाचा जीव पणाला लागत नाही. अमोनिया संपत आला की पुन्हा चिमूटभर टाकावे. साधारण चार ते सहा आठवड्यांत हे जीवाणू पुरेसे वाढतात. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की खाते जुळले असे समजावे.

या काळात वनस्पती लावाव्यात, आणि त्या आपल्याच देशातल्या. फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया वाळूत रुजते. हायड्रिला झपाट्याने वाढते. सेराटोफायलम मुळांशिवाय तरंगते. या तिन्ही वनस्पती भारतातील तळ्यांत आढळतात, आपल्या हवेत त्यांना हीटर लागत नाही आणि त्या अमोनियाही शोषतात. प्रकाश रोज सात-आठ तास पुरतो. अधिक दिल्यास काच हिरवी होते.

माशांमध्ये झेब्रा डॅनिओ या टाकीस योग्य. जेमतेम चार सेंटिमीटरचा, निळ्या पट्ट्यांचा हा मासा मूळचा भारतीय उपखंडाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या मत्स्यसंपदेवरील ग्रंथात त्याची नोंद केली. तो कळपात राहतो, म्हणून सहा-आठ मासे एकत्र ठेवावेत. मत्स्यशाळेत पैदास झालेलेच घ्यावेत. 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा पश्चिम घाटातील देखणा मासा बाजारासाठी नद्यांतून इतका पकडला गेला, की आज तो संकटग्रस्त गणला जातो. सह्याद्रीतील ओढ्यांचे मासे ओढ्यातच राहू द्यावेत.

अहिंसेच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रश्न खाद्याचा. झेब्रा सर्वभक्षी आहे, आणि बाजारातील बहुतेक खाद्यांत माशांची भुकटी असते. त्याला केवळ पालेभाजीवर ठेवणे म्हणजे त्यालाच पीडा देणे. ज्या घराला हे, किंवा माशाचा बंदिवास, मान्य नाही, त्याने वनस्पतींवरच थांबावे. निव्वळ वनस्पतींची टाकीही पूर्ण असते.

दुसरा प्रश्न सोडून देण्याचा. नकोसे झालेले मासे तलावात सोडणे अनेकांना जीवदान वाटते. परंतु परदेशी सकर मासा असाच सुटून आपल्या अनेक जलाशयांत पसरला आहे आणि मूळच्या माशांना त्याचा उपद्रव होतो. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत सोडण्याची आपली जुनी रीत आहे. परक्या पाण्यात सोडलेला जीव स्वतः तरी मरतो किंवा दुसऱ्याला तरी मारतो, हे त्या रीतीत गृहीतच होते.

त्या घरी आता गोल भांड्याच्या जागी टाकी आहे. नातीने दुकानातील एक कोरी खतावणी मागून घेतली आणि रोजच्या चाचणीचे आकडे त्यात मांडले. सहाव्या आठवड्यात दोन्ही रकाने शून्य झाले. आजोबांनी विचारले, "आता मासे आणायचे का?" हायड्रिलाच्या पानांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे चढत होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अजून एक आठवडा आकडे बघू या, आजोबा."