गणिताला थोडे ऊन हवे!

कला शाखेच्या वार्षिकांकात गणितावरचा लेख पाहून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. दहावीचा निकाल लागला त्याच दिवशी ज्याला कायमचा रामराम ठोकला, तो पाहुणा पुन्हा दारात कशाला, असे कुणीही विचारील. प्रश्न केवळ आपल्यापुरता असता तर तो सोडून देता आला असता. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण संध्याकाळी उल्हासनगरच्या कँपांतून, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतून लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. काही जण उद्या शिक्षक होतील. प्राथमिक शाळेत बहुधा एकच गुरुजी कविताही शिकवतात आणि अपूर्णांकही. म्हणजे जे गणिताला भिऊन पळाले, त्यांच्याच हाती पुढच्या पिढीचे गणित! भीतीचाही वारसा देता येतो, हे आपण विसरतो.

डिसेंबर उजाडला की या मुलांच्या दप्तरांतून हल्ली रंगीत कागद निघू लागतात. त्यांवर हिवाळ्याची गणिते असतात. बर्फाचा माणूस, लोकरीचे हातमोजे, पेंग्विन. एका बर्फाच्या माणसाला तीन बटणे, तर सात माणसांना किती? उत्तर एकवीस, यात वाद नाही. पण ज्या मुलाने बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि तोही उन्हाळ्यात, त्याला हे गणित आपले कसे वाटावे? गणित हा दुसऱ्या कुणाच्या तरी देशातला विषय आहे, अशी त्याची समजूत झाली तर दोष कुणाचा? माझे म्हणणे एवढेच की, आपल्याकडेही हिवाळा येतो आणि तोही गणित घेऊनच येतो.

सावलीचेच पाहा. २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. योगायोग असा की श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली याच तारखेला झाला, आणि २०१२ पासून हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपण भाषणे करतो. त्याऐवजी मुलांना अंगणात न्यावे, एक मीटर लांबीची काठी उभी रोवावी आणि साडेबारापासून दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजावी. सर्वांत आखूड सावली पडते तीच खरी मध्यान्ह. ती आपल्याकडे घड्याळातल्या बाराला होत नाही, बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास होते, हे मुलांना स्वतःच कळेल. सावली भरेल सुमारे ९२ सेंटिमीटर, म्हणजे काठीहून थोडीशीच कमी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त सावलीच्या हिशोबाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथला बारा अंगुळांचा शंकू त्या दिवशी आपल्या अंगणात रोवला, तर त्याची सावली सुमारे अकरा अंगुळे पडेल.

हाच प्रयोग १४ जानेवारीस करावा. तेव्हा मध्यान्ह आणखी उशिरा, पाऊण वाजण्याच्या सुमारास येते. सावली आता ८५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. येथे एखादा चुणचुणीत मुलगा नक्की विचारील, “गुरुजी, उत्तरायण तर संक्रांतीला लागते ना? मग सावली आधीच कशी कमी झाली?” हा प्रश्न आला की गणिताचा तास सार्थकी लागला! सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारासच. संक्रांत मात्र नक्षत्रांच्या हिशोबाने येते, आणि अयनचलनामुळे या दोहोंतले अंतर साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस या गतीने वाढत गेले आहे. आज अंतर तेवीस दिवसांचे. तेवीस गुणिले बहात्तर करा, म्हणजे सोळासतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते, हे पाचवीच्या मुलालाही काढता येईल.

संक्रांतीचे दुसरे गणित तिळगुळाचे. उल्हासनगरातील सिंधी घरांत लाल लोईची शेकोटी आणि तिळाचे लाडू, शेजारच्या मराठी घरात तिळगूळ, तीळ दोघांचाही. वर्गात तीस मुले आहेत आणि प्रत्येकाने प्रत्येकाला एक लाडू द्यायचा आहे, तर लाडू किती लागतील? आधी दोन मुलांचे पाहावे: दोन लाडू. तिघांचे सहा, चौघांचे बारा. नियम मुलेच शोधतील. तीस मुलांना ८७० लाडू, आणि ‘गोड बोला’ म्हणणाऱ्या जोड्या ४३५. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. तीन पाव तिळाला गूळ किती, हे त्यांना कागद-पेन्सिलीवाचून सांगता येई.

बदलापूरकरांना तर थंडीचा अभिमानच आहे. थंडीची लाट आली की वर्तमानपत्रांत बदलापूरचा पारा मुंबईच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात. समुद्र दूर असला की रात्री जमीन लवकर निवते. आठवडाभर दोन्हीकडचे किमान तापमान वहीत टिपावे, फरक काढावा, सरासरी काढावी, आलेख काढावा. सरासरी म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

आता खेळ. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीतले शाळामास्तर. त्यांनी संख्यांच्या एका कुळाला ‘डेम्लो’ नाव दिले ते आपल्या मार्गावरच्या डोंबिवली स्थानकावरून! १२१, १२३२१ या त्यांतल्याच संख्या. अकराचा आणि एकशे अकराचा वर्ग. त्यांची वजाबाकी तर जगभर गेली. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा. या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान वजा करा. ९८२ वजा २८९ म्हणजे ६९३. ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. पुढे कितीही वेळा करा, ४९५ च येणार. चार अंकांसाठी हे स्थिर ठिकाण ६१७४. मंदिराचे इसवी सन १०६० घ्या किंवा उल्हासनगरची कोनशिला बसली ते १९४९ घ्या, दोन्ही बरोबर सातव्या वजाबाकीला तिथेच पोहोचतात. पडताळून पाहावे.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, खेळात वेळ गेला तर अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा? पण मापन, गुणोत्तर, सरासरी, वजाबाकी हाच तर अभ्यासक्रम आहे. शंभर उदाहरणे घोकून जी वजाबाकी कंटाळा आणते, तीच ६१७४ च्या मागे धावताना मुले आपण होऊन वीस वेळा करतात. कापरेकरांच्या आकड्यांनाही पोरखेळ म्हणणारे होतेच. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरवर पोहोचले. आपल्या मास्तरांची किंमत परक्याने सांगितल्यावरच कळावी, हे काही भूषणावह नाही.

म्हणून एक सूचना. येत्या २२ डिसेंबरला महाविद्यालयाच्या पटांगणात कला शाखेनेच काठी रोवावी. संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला सावली मोजावी आणि आकडे भित्तिपत्रकावर लावावेत. शिकवणीच्या मुलांनाही मोजायला बोलवावे. खर्च काहीच नाही. काठी, दोरी आणि ऊन पुरे. आणि जानेवारीतले आपल्याकडचे ऊन, कोण नाही म्हणेल?