जळालेला गाळा उभा कोणी करायचा?

भाड्याचा गाळा आगीत जळाला की मालक म्हणतो, पैसा नाही. भाडेकरू म्हणतो, जागा माझी नाही. धंदा मात्र बंद पडतो. केवळ इमारत गेल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात दिला. तेव्हा दोघांनी एकत्र बसावे. व्याजी कर्ज कशाला? समजा, भाडेकरूने दुरुस्तीला २ लाख रुपये घातले आणि दरमहा ४ हजार भाड्यात वळते केले, तर ५० महिन्यांत बिनव्याजी हिशेब चुकता होतो. मात्र त्यासाठी करार लेखी हवा, पावत्या जपायला हव्यात. व्यापारी बंधूंनो, तोंडी शब्दावर काम काढू नका!