आश्रय आणि निवड

धर्मश्रद्ध पालकांनी आपली मुले बाहेरच्या जगापासून किती दूर ठेवावीत, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली निर्णय दिला. विस्कॉन्सिन राज्यात सोळाव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे होते. आमिश पंथीय तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत धाडण्याचे नाकारले व त्यांना प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे पालकांच्या बाजूने कौल दिला.

पालकांचे म्हणणे सर्वस्वी त्याज्य होते असे नाही. स्पर्धा आणि उपभोग यांनाच दैवत मानणाऱ्या समाजापासून मुलांना जपावे, ही इच्छा कोणाही समाजवाद्याला समजण्याजोगी आहे. शेतीचे श्रम व परस्परसाहाय्य यांतून मुले प्रौढ जीवनाला सिद्ध होतात, हेही न्यायालयाने मान्य केले.

तथापि हा युक्तिवाद मुले शेतीतच राहतील या गृहीतावर उभा होता. पुढे लोकसंख्या वाढली, जमीन महागली आणि असंख्य आमिश कुटुंबे सुतारकाम, बांधकाम व कारखान्यांकडे वळली. २००४ साली तर, यंत्रे चालविण्यास मनाई कायम ठेवून, शाळा सोडलेल्या चौदा ते सतरा वर्षांच्या अशा मुलांना लाकूडकामाच्या कारखान्यांत काम करण्याची कायदेशीर मुभा मिळाली. शेतासाठी मागितलेली सवलत अशा रीतीने कारखान्याला मजूर पुरवू लागली.

मुलांचेही मत विचारले पाहिजे, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या अंशतः भिन्नमतपत्रिकेत बजावले होते. विशेष म्हणजे आमिश पंथात बाप्तिस्मा प्रौढपणी, स्वेच्छेनेच घेतला जातो. परंतु ज्याच्याजवळ आठवीपलीकडचे शिक्षण नाही आणि पंथाबाहेर उपजीविकेचे साधन नाही, त्याच्या स्वेच्छेला अर्थ कितीसा? दार उघडे असून पायांत बळ नसेल, तर त्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशातला नव्हे. आपल्या शिक्षणहक्क कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा व मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था वगळण्यात आल्या. धर्मशिक्षणावर बंदी घालण्याचे कारण नाही. परंतु भाषा, गणित, विज्ञान आणि उपजीविकेचे कौशल्य यांवरील मुलाचा हक्क कोणत्याही श्रद्धेच्या नावाने सोडून देता कामा नये. घरट्याचे समर्थन पिलाला उडता येण्यातच असते.