दुःखाचा दाखला

"गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही बुवा," असं म्हणणारा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात अजून जन्माला यायचा आहे. मी रोज पेणहून रोह्याला बँकेत जातो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. एवढ्या अंतरात आमच्या डब्यात देशाचा अर्थसंकल्प मांडून होतो आणि उरलेल्या वेळात गाण्याचा निकाल लागतो. निकाल ठरलेला. कुण्या तरुण पोरीने जुनं, कळवळ्याचं पद गायलेलं असतं, मोबाइलवर सगळा डबा ते फुकटात ऐकतो, आणि मग खिडकीशी बसलेले एक अनुभवी गृहस्थ मान हलवून म्हणतात, "गळा आहे हो. पण दुःख नाही!"

झालं. पोरीचा अर्ज नामंजूर.

या वाक्याशी माझं भांडण आहे. आमच्याकडे दर नोव्हेंबरात पेन्शनरांकडून हयातीचा दाखला घेतात. माणूस समोर उभा असतो, खोकत असतो, व्याजदरावरून शिव्या घालत असतो. तरी कागद लागतोच. तसाच हा दुःखाचा दाखला. जुनं गाणं गायचं तर म्हणे आधी तो जोडावा: एक प्रेमभंग, जवळच्या नात्यातले दोन मृत्यू, शिवाय बुडालेल्या बँकेतली एखादी ठेव. (हे शेवटचं कागदपत्र आमच्या पेणमध्ये मिळायला फारशी अडचण पडू नये.)

मग बालगंधर्वांचं काय करायचं? 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. ते पाहायला गडकरी उरले नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत गेले. पदं लिहून दिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी आणि सिंधू उभी केली नारायणराव राजहंसांनी. म्हणजे बघा, दारुड्याच्या बायकोचं दुःख, त्यात शब्द एका पुरुषाचे आणि गळा दुसऱ्या पुरुषाचा, तोही ऐन तिशीतल्या. नारायणरावांना स्वतःची दुःखं नव्हती असं नाही. पण दारुडा नवरा नक्कीच नव्हता. उभा महाराष्ट्र ढसाढसा रडला. पिटातल्या एकानेही उठून विचारलं नाही की, "नारायणराव, तुमच्या यजमानांचं पिणं अलीकडे कसं काय?"

साहेबाच्या मुलुखातही हीच गत. 'हाऊस ऑफ द रायझिंग सन' नावाचं एक जुनं गाणं आहे. कोणी रचलं, पत्ता नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच. न्यू ऑर्लिन्समधल्या एका बदनाम घरात आयुष्याची माती झालेल्या जिवाचा तो टाहो. १९३७ साली लोकगीतं गोळा करणारे अॅलन लोमॅक्स यंत्र घेऊन केंटकीच्या डोंगराळ भागात गेले, तेव्हा हे गाणं त्यांना कोणी गाऊन दाखवलं? जॉर्जिया टर्नर नावाच्या, खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीने! पुढे बॉब डिलनने ते ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तोही अवघा विशीचा. १९६४ साली 'द अॅनिमल्स' या इंग्लंडच्या पोरांनी ते जगभर नेलं. लोमॅक्सच्या जागी आमचे खिडकीवाले असते, तर "बाळ, आधी आयुष्याची माती करून ये, मग गा," असं सांगून त्यांनी यंत्र गुंडाळून परतीची गाडी धरली असती.

गंमत म्हणजे वयाचा हा नियमही सोयीचा आहे. २००८-०९मध्ये झी मराठीवर 'लिटिल चॅम्प्स' रंगलं. आमच्याच जिल्ह्यातली, अलिबागची चिमुरडी मुग्धा वैशंपायन त्यात गात होती आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तेव्हा हेच गृहस्थ डोळे पुसत होते. आठ-दहा वर्षांच्या पोरीने विरहाचं पद गायलं तर "किती गोड!" आणि तेच अठराव्या वर्षी गायलं तर "अजून पिकलेली नाही." म्हणजे दुःख दुधाच्या दातांबरोबर पडतं आणि थेट कवळीबरोबर परत येतं की काय?

बेसूर गायली तर जरूर सांगा बेसूर. सूर कानाला कळतो, ताल हाताला कळतो. पण दुःख मोजायचं माप आमच्या तिजोरीत नाही, तुमच्या पिशवीत तर नाहीच नाही.

"मूळ गाण्याची सर नाही," हे दुसरं पालुपद. अहो, तुम्ही पेणचे! हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एकाच साच्यातून किती गणपती निघतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं? साचा तोच, पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय तुम्ही मूर्ती घरी नेता का? आखणी करणारा हात कधी म्हाताऱ्याचा असतो, कधी मिसरूड न फुटलेल्या पोराचा. "हा गणपती परवडला नाही, मूळ गणपती दाखवा," असं म्हणणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

हे सगळं डब्यातल्या गप्पांपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या वैशाखात वडखळजवळच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. आगऱ्यांचं लग्न. पूर्वी ही लग्नं धवलारीण लावायची, धवले गाऊन. या घरी अजून एक म्हातारी धवलारीण बोलावली होती. आवाज थकलेला, पण पाठांतर पक्कं. तिच्यामागे ओळ उचलायला दहावी-अकरावीतली एक पोरगी बसली होती. पोरीने आवाज जरा मोठा काढला, तशी खुर्चीतून कोणीतरी ओरडलं, "ए पोरी, तुला काय कळतंय त्यातलं? त्यांना गाऊ दे!" हा कळवळा दाखवून ते काका डीजेवाल्याकडे गेले आणि गाणी कुठली लावायची याची यादी त्याला देऊ लागले.

पोरगी ओशाळली, गप्प झाली. म्हातारीने एक ओळ एकटीने म्हटली, दुसरी म्हटली, मग दम लागून थांबली. मागे वळून तिने पोरीच्या मांडीवर चापट मारली. पोरीला पुढची ओळ आठवेना, तेव्हा तिने ती तिच्या कानात सांगितली.