वाटेत क्लॅम्प आहे!

संगणकावर चालणारी यंत्रे कधी चुकत नाहीत, असा एक भाबडा समज आपल्या मध्यमवर्गात चांगलाच मुरला आहे. तो अगदीच खोटा आहे असेही नाही. यंत्र सांगितले तेवढे बिनचूक करते. गोम आहे ती ‘सांगितले तेवढे’ या दोन शब्दांत. वर्षानुवर्षे मराठी शिकवून माझी अशी खात्री झाली आहे, की जगातले निम्मे घोटाळे सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टींतून होतात. या मताला पुरावा मात्र मिळाला तो वर्गाबाहेर, लाकडाच्या भुशात.

आमची भवानी पेठ मागांची. पहाटे खटखट सुरू झाली की पाहुण्याची झोप मोडते आणि आमची लागते. या खटखटीत अलीकडे एक निराळाच सूर मिसळला आहे, चिडलेल्या गांधीलमाशीसारखा. तो सीएनसी राउटरचा, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा. पलंगाएवढे टेबल, त्यावर पुढेमागे सरकणारी कमान, कमानीवर मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे घेणारी मोटर आणि तिच्या तोंडाशी पेन्सिलीएवढे पाते. या पात्याला बिट म्हणतात. वाचकहो, तुमच्या देवघराची जाळी किंवा फ्लॅटच्या दारावरची नावाची पाटी बहुधा अशाच बिटाखालून आलेली असेल.

आकड्यांच्या या कारभाराचे सोलापूरला नवल वाटायचे कारण नाही. चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी उमटत आली. फ्रान्सच्या जोसेफ जॅकार्डची ही युक्ती १८०४ च्या सुमाराची. १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेने आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले, त्यालाही हुकूम मिळत होते ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. म्हणजे नाते चुलत का होईना, पण घरातलेच.

एका बाबतीत मात्र हा चुलतभाऊ आमच्या मागापेक्षा कच्चा आहे. धोटा समोरच्या पेटीत न पोचता ताण्यात अडकला, तर पुष्कळ मागांत एक लोखंडी जीभ अडसरावर आदळते आणि माग ठण्णकन थांबतो. ताण्याचे हजारो धागे वाचतात. राउटरला ही जाण नाही. भार वाढून त्याची मोटर थांबलीच, तर ती धडक बसल्यावर.

आमच्या मागच्या गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी असे यंत्र चालवतो. वडिलांचा जन्म मागावर गेला. मुलाने लाकूड धरले. त्याने मला सारे समजावून दिले. कोरताना फळी हलू नये म्हणून ती क्लॅम्पने टेबलाला आवळतात. हे क्लॅम्प फळीच्या वर, समजा, २० मिलिमीटर उभे राहतात. हुकूमनाम्यात लिहिलेले असते, की एक पाकळी कोरून झाली की बिट ५ मिलिमीटर उचल आणि दुसऱ्या पाकळीकडे धाव.

“आणि वाटेत क्लॅम्प आला तर?”

“सर, एवढ्या वेगानं फिरणारं पातं लोखंडावर जातं. तुटलं तर तुकडा कुठं उडंल त्याला नेम नाही. चष्मा नसंल तर डोळाच जायचा.”

“मग पाच ऐवजी तीस मिलिमीटर उचलावं. त्यात काय अवघड?”

तो हसला आणि त्याने मला गणित घातले. एका जाळीत अशा ३००० उचली. दर वेळी २५ मिलिमीटर जास्त वर आणि २५ जास्त खाली, म्हणजे ५० मिलिमीटर. यंत्र मिनिटाला ३००० मिलिमीटरच्या वेगाने वरखाली होत असेल, तर दर उचलीला एक सेकंद जास्त. जाळीमागे ५० मिनिटे! दिवाळीच्या हंगामात ५० मिनिटे कोण सोडतो? म्हणून उंची कमी ठेवायचा मोह होतो.

शहाणा कारागीर यातून वाट काढतो. क्लॅम्प नक्षीच्या बाहेर लावायचे. नक्षीच्या आत ५ मिलिमीटरच्या उड्या चालतात, पण क्लॅम्पच्या हद्दीतून जाताना सर्वांत उंच क्लॅम्पच्याही वरून जायचे. काम संपवून घरी परतताना आधी वर आणि मगच बाजूला. शिवाय ‘धाव’ म्हटले की यंत्र सरळ रेषेत धावेलच असे नाही. पुष्कळ यंत्रांत दोन्ही दिशांच्या मोटरी आपापल्या पूर्ण वेगाने निघतात. ६०० मिलिमीटर आडवे आणि २०० उभे जायचे असेल, तर आधी ते तिरके जाते, उभे २०० संपले की उरलेले ४०० आडवे. आपण मनात ओढलेल्या रेषेवर क्लॅम्प नसतो. यंत्राच्या वाकड्या वाटेवर तो उभा असतो. आणि बिट निसटले तरी बिट धरणारी नट त्याहून जाड असते, ती अडकते.

टेबलाच्या कडा यंत्राला शिकवता येतात. पण क्लॅम्प रोज नव्या जागी. पडद्यावर सारे काम आधी चालवून पाहता येते आणि धडक दिसली तर इशारा मिळतो. मात्र पडद्यावर क्लॅम्प काढलेला असेल तरच. म्हणून पहिला फेरा फळीच्या वर, नुसता हवेत. वेग कमी, एक हात लाल बटणाशी.

एवढे सगळे ठाऊक असून धडका का होतात? कारण हुकूमनामा लिहितो एक आणि फळी आवळतो दुसरा. लिहिणारा पंख्याखाली संगणकापुढे, कधी तर परगावी. आवळणारा रात्रपाळीचा पोरगा. इथल्याच एका कारखान्यात अशी धडक झाली आणि सागवानी दाराची फळी वाया गेली. पोरगा म्हणाला, “क्लॅम्प कुठं लावू नये, हे मला कुणी सांगितलं?” लिहिणारा म्हणाला, “तू कुठं लावणार, हे मला कुणी सांगितलं?” दोघेही खरे बोलत होते. पगार मात्र पोराचा कापला गेला.

हे ऐकल्यापासून माझा विद्यार्थी प्रत्येक कामाबरोबर एक चिठ्ठी लावतो. फळीचे चित्र, क्लॅम्पच्या जागा, सर्वांत उंच क्लॅम्पची ऊंची, बिटाची लांबी आणि खाली दोघांच्या सह्या. चिठ्ठीवर सही नसेल तर यंत्र चालू करायचे नाही, आणि सही असताना काही मोडले तर एकट्या पोराचा पगार कापायचा नाही. ‘उंची’तला उ त्याने दीर्घ काढला आहे. मी तो खपवून घेतला. इतके अर्थपूर्ण मराठी गद्य मला परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत क्वचितच भेटते.

या दिवाळीत नवे देवघर घरी आणाल, तेव्हा त्याच्या जाळीवरून एकदा हात फिरवा. ती कोरली जात असताना चहूबाजूंनी क्लॅम्प उभे होते, आणि ते कुठे आहेत हे कुणीतरी कुणालातरी आठवणीने सांगितले होते.